पंचमीचा झोका आणि आपले गुडघे

आषाढी झाली. आता दिव्यांची अवस येईल आणि तिच्यामागून श्रावण. नागपंचमीपासून भाऊबीजेपर्यंत आपल्याकडे सणांची रांग लागते. पंचमी, मंगळागौर, राखी, पोळा, गौरी-गणपती, घट, दसरा, कोजागरी, दिवाळी. या तीन-साडेतीन महिन्यांत आपलं शरीर काय करतं, याविषयी आज बोलायचं आहे. आहाराच्या टिपा मी देणार नाही, त्या तुम्ही खूप ऐकल्यात. मी थोडा इतिहास सांगणार आहे, आपल्याच सणांचा आणि आपल्याच पायांचा.

विषय सुचला तो आमच्या काळेवाडीच्या गटाच्या बैठकीत. गेल्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर बचतीचे पैसे मोजून झाले, तेव्हा मी सहज विचारलं, "सणात कोणाचं काय दुखलं?" हसतहसत एकेक उत्तर आलं. कोणाच्या टाचा, कोणाची कंबर, कोणाचे गुडघे. दोघी-तिघी म्हणाल्या, "आमचं काही दुखलं नाही, पण वजन वाढलं. बसून बसून खाल्लं." म्हणजे एकीचे पाय ओट्यापाशी उभं राहून सुजले आणि दुसरीचे टीव्हीपुढे बसून आखडले. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या. त्या मूळच्या मराठवाड्याकडच्या, लेकाबरोबर इकडे आलेल्या. म्हणाल्या, "अगं पोरी, आमच्या वक्ताला बी सणाला पाय दुखायचे. पण ते खेळून खेळून."

सगळ्या हसल्या. मी मात्र घरी गेल्यावरही त्या वाक्याचाच विचार करत राहिले. सणात पाय दुखायचे ते तेव्हाही आणि आजही. पण खेळून दुखणं आणि राबून दुखणं यात फरक आहे. हा फरक आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता, आपण तो विसरलो, असं मला वाटतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. जुन्या बायका निरोगी होत्या कारण त्या खूप कष्ट करायच्या, असं आपण ऐकतो. कष्ट तर होतेच. पहाटे उठून जातं ओढायचं, उखळात कांडायचं, आडावरून पाणी शेंदायचं, सरपण डोक्यावर आणायचं, वर शेतातली खुरपणी. पण त्या कष्टाबद्दल बायका काय म्हणत होत्या ते त्यांच्या ओव्यांत आहे. पुण्यातले हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेक आहे. तसा थकवाही आहे, सासरचा जाचही आहे. जात्याने हात बळकट होत असतील, पण जातं कोणी हौसेनं ओढत नव्हतं. खाली बसून, एका बाजूला झुकून, तेच ते करायचं. शरीराचा एकच भाग झिजायचा.

म्हणून त्या बायकांना सणात हालचालीची कमतरता नव्हती. कमतरता होती ती वेगळ्या हालचालीची. वाकलेली पाठ ताठ करण्याची, खाली घातलेली मान वर करण्याची, पदर खोचून मोकळं धावण्याची. ती त्यांना सणाने दिली. आणि नुसती परवानगी दिली नाही, तर त्यासाठी वेळही काढून दिला. तो कसा, ते नागपंचमीत दिसतं.

पंचमीचे नियम आठवा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही. नागाला इजा होऊ नये म्हणून, असं आपल्याला सांगितलं गेलं. पण त्या नियमांचा बाईच्या दिवसावर काय परिणाम व्हायचा ते बघा. विळी बंद, तवा बंद, खुरपं बंद. स्वयंपाक उकडून करायचा: पुरणाची दिंडं, एकदा वाफेवर ठेवली की झालं. म्हणजे भाकरी थापत तास न् तास चुलीपुढे बसणं त्या दिवशी टळलं. शेतात जाणंही टळलं. सासरच्या लेकी माहेरी आलेल्या. गावाच्या कडेला लिंबाला नाहीतर वडाला दोर बांधलेला. दुपार झाली की बायका-पोरी तिकडे निघायच्या. झोका, फेर, फुगडी. बाईला सुट्टी दिली आहे असं कोणी म्हणत नव्हतं, पण नियमांमुळे सुट्टी मिळत होती.

झोका म्हणजे नुसतं बसून हलणं नव्हे. उभ्याने झोका चढवताना गुडघ्यात वाकायचं, मांड्यांनी जोर लावायचा, दोर घट्ट धरायचा, पोट आवळायचं. फेर धरला की एका लयीत वाकायचं, टाळी द्यायची, पुढे-मागे पाय टाकायचे. फुगडीत तोल सांभाळायचा. हे सगळं गाणी म्हणत, म्हणजे श्वासही लागायचा. याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं, पण शरीराला जे लागतं ते त्यात होतं.

आता मंगळागौर. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीने पूजा करायची, लग्नानंतर पाच वर्षं, आणि रात्र जागवायची. जागवायची कशी, तर खेळून. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी, पिंगा, कोंबडा, गाठोडं, सूप घेऊन, लाटणं घेऊन. ज्या सुपाने दिवसभर पाखडायचं तेच सूप रात्री हातात घेऊन नाचायचं. बसफुगडी उकिडवं बसून, कोंबडा उड्या मारत, गाठोडं अंग मुडपून. शरीराचा एकही सांधा सुटत नाही.

पण इथे थांबून एक गोष्ट बघायला हवी. त्या काळी ती नवरी किती वर्षांची असायची? १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, तेव्हा कुठे मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं घरोघरी होत. म्हणजे पाटावर बसून पूजा करणारी, नऊवारीत गुरफटलेली ती नवरी खरं तर एक लहान मूल होती. सासरी तिला धावायला, मोठ्याने हसायला बंदी. वर्षातल्या या काही रात्री तिला तिचं बालपण परत मिळत असणार. मंगळागौरीची मजा आपण सांगतो, पण ती मजा किती कमी मुलींना, किती कमी रात्रींपुरती मिळायची, तेही सांगायला हवं.

शिवाय मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण आणि इतर काही वरच्या जातींच्या घरांतली. बहुजनांच्या घरी पंचमीचे, गौरीचे फेर होते. कोकणात गौरी आल्या की फुगड्यांना ऊत यायचा, अजूनही येतो. देशावर हस्त नक्षत्र लागलं की हादगा, नवरात्रात भोंडला: पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. खानदेश-वऱ्हाडात भुलाबाई, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर, हातात टिपऱ्या घेऊन. हादग्याची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत जायच्या. आज व्यायाम शिकवणारे सांगतात, एकदम जास्त करू नका, रोज थोडं थोडं वाढवा. आपल्या पोरी ते पाटावरच्या हत्तीभोवती करत होत्या.

हे खेळ आपल्यापर्यंत आले ते लिहून ठेवणाऱ्या बायकांमुळेही. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचं काम पाहिलं आणि गावोगावच्या बायकांची गाणी, खेळ, सणवार पुस्तकांत आणले. ज्याला लोक "बायकांचं काहीतरी" म्हणून सोडून देत होते, ते त्यांनी जपून ठेवण्यासारखं मानलं.

त्याच काळात पुरुषांच्या व्यायामाचं काय चाललं होतं? गावोगाव तालमी होत्या. अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. पुढे अशा संस्थांत मुलीही आल्या. पण खेड्यातल्या बाईसाठी कोणी तालीम बांधली नाही. तालमीला जागा, वस्ताद, खुराक, सगळं गाव पुरवायचं. बाईची तालीम म्हणजे अंगण, आणि तेही सणापुरतं. वर एक वाक्य होतंच, आजही आहे: "बायकांना कशाला व्यायाम, घरकामात होतोच की."

आता या खेळांतली सर्वांत दुखरी बाजू. फेर धरायचा तो सवाष्णींनी आणि कुमारिकांनी. जिचा नवरा गेला तिने मंगळागौरीला यायचं नाही, हळदीकुंकवाला यायचं नाही, आलीच तर आतल्या खोलीत काम करायचं. पोरवयात लग्न आणि पोरवयातच वैधव्य आलेल्या मुलींना दहाव्या-बाराव्या वर्षी अंगण बंद व्हायचं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्यांनी शिक्षणाचा दरवाजा उघडला. पण सणाच्या फेराचा दरवाजा पुढची शंभर वर्षंही नीट उघडला नाही.

फार लांब जायला नको. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, आणि तिला समारंभांतून बाजूला ठेवायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तारीख बघा, २०२२. परवाची गोष्ट आहे.

आणि ही गोष्ट माझ्याच गटात घडली, म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही मंगळागौरीचा कार्यक्रम केला. सगळ्या हिरव्या साड्या नेसून आल्या. आमच्या गटातल्या एक ताई आहेत, नवरा जाऊन चार वर्षं झाली, घरकामं करून दोन मुलं शिकवतात. त्या भिंतीपाशी उभ्या राहून सगळ्यांच्या पर्स आणि मोबाईल सांभाळत होत्या. त्यांना कोणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं. पण "या" असंही कोणी म्हटलं नाही. मीही नाही. मी कार्यक्रमाची धावपळ करत होते आणि त्यांच्या हातात माझीही पर्स देऊन मोकळी झाले. रात्री घरी फोटो बघताना कळलं, सगळ्या फोटोंत त्या पर्सा घेऊन उभ्या आहेत. आश्रमाचा आणि ठरावाचा इतिहास मला माहीत होता, तरी मी हे केलं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ती आपल्या दारावरूनच जाते. दर वर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात, दुसरा आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. मग चिंचवड-पिंपरीवरून पुण्याकडे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. पंढरपूरपर्यंतची वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. डोक्यावर तुळस घेऊन साठ-सत्तर वर्षांच्या बायका ती चालतात. मुक्कामावर, वाटेवर, रिंगणाच्या वेळी फुगडी धरतात. कधी बाई बाईबरोबर, कधी म्हातारे बाबाही सामील. तिथे कोणी कपाळाकडे बघून हात पुढे करत नाही. समोरची माउली, एवढंच. मला वाटतं, आपल्या अंगणातल्या खेळाने वारीकडून हे शिकायला हवं होतं.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. हे खेळ इथून गेले कुठे? १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे कारखाने चाकणपर्यंत गेले. पवनेच्या अलीकडची-पलीकडची शेतं प्लॉट झाली, प्लॉटवर चाळी आणि इमारती झाल्या. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिव, जळगाव, बुलढाणा, कोकण, सगळीकडची माणसं एका गल्लीत आली. आमच्या एका गटात हादगावाली आहे, भुलाबाईवाली आहे, पंचमीच्या झोक्यावाली आहे. सगळ्यांची गाणी वेगळी, पण झोका बांधायला झाड एकीकडेही नाही.

फक्त जागा गेली असं नाही, वेळही गेला. पंचमीला कारखान्याला सुट्टी नसते. पहिल्या पाळीची बाई पहाटे पाचला डबा करून बाहेर पडते, आठ तास लाइनवर उभी राहते, परत येऊन सणाचा स्वयंपाक करते. तवा न ठेवण्याचा नियम आता कोणाला परवडत नाही, कारण सकाळी डबे करायचेच असतात. म्हणजे ज्या नियमामुळे बाईला सुट्टी मिळायची तो नियम गेला, आणि पुरणपोळी तेवढी राहिली. दुसरीकडे जी बाई घरी असते तिच्याकडे मिक्सर आहे, गॅस आहे, कोपऱ्यावर गिरणी आहे. हे सगळं आलं ते चांगलंच झालं, जात्याकडे परत कोणी जाऊ नये. पण वाचलेला वेळ खेळाला मिळाला नाही. तो मालिकांना गेला, मोबाईलला गेला, नाहीतर आणखी चार पदार्थांना गेला.

मंगळागौरीचे ग्रुप आणि स्पर्धा आता खूप आहेत. ते वाईट नाही; जुने खेळ त्यांनी जिवंत ठेवले. पण त्यात दहा-बाराजणी स्टेजवर खेळतात आणि दोनशेजणी खुर्चीवर बसून मोबाईलवर शूटिंग करतात. फेरात खेळणारी आणि बघणारी वेगळी नसायची. आता आपण बघणाऱ्या झालो.

मग घरकामात व्यायाम होतो की नाही? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलं त्यात घरातली हालचालही धरली आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी. मध्यम म्हणजे श्वास वाढेल पण बोलता येईल अशी. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर मिळावा. पासष्टच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याच्या हालचाली कराव्यात. आणि एका जागी फार वेळ बसू नये. आता यात आपलं सणाचं काम बसवून बघा. झाडलोट, डबे उतरवणं, जाळ्या काढणं ही हालचाल आहे. पण तीन तास ओट्यापाशी उभं राहून करंज्या तळणं ही हालचाल नाही, ते नुसतं उभं राहणं आहे. पायाला सूज येते, श्वास वाढत नाही. तोल सांभाळणं तर त्यात मुळीच नाही. फुगडीत आणि फेरात मात्र तिन्ही आहेत: श्वास, जोर आणि तोल.

आणखी एक आकडा ऐका. देशात २०१९ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची सरकारी पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७. हे साध्या दिवसांचं. सणाच्या दिवशी पारडं कुठे झुकत असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून बाईने सणात हिंडतं-फिरतं राहायचं असेल तर प्रश्न तिच्या आळसाचा नाही, वेळेचा आहे. तिला कोणीतरी अर्धा तास मोकळा द्यायला हवा. पूर्वी तो नागोबा द्यायचा. आता तो आपण आपल्याच घरातून मागून घ्यायचा आहे.

आमच्या गटाने मागच्या श्रावणापासून काय सुरू केलं ते सांगते. मोठं काही नाही.

श्रावणापासून कोजागरीपर्यंत आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेसात, एकीच्या पार्किंगमध्ये जमायचं. जेवणाआधी, जेवणानंतर नाही. हादग्याच्या हिशोबाने पहिल्या आठवड्यात दोनच खेळ, मग एकेक वाढवायचा. फरशी ओली असेल तर खेळायचं नाही. पावसात टाइलवर पाय घसरतो. पायात घालायचं तर पकड असलेलं, नाहीतर अनवाणी. पदर खोचलेला. फुगडी धरताना दोघींची उंची-वजन साधारण सारखं, मनगट घट्ट, आणि थांबताना हळूहळू थांबायचं. झटक्यात हात सोडायचा नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसफुगडी आणि कोंबडा करायचा नाही. त्या खुर्चीवर बसून टाळ्यांचा झिम्मा करतात, पाय पुढे लांबवतात, गाणी त्यांनीच सांगायची. ज्यांना बीपी, हृदयाचा त्रास आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना पाळीमुळे येता येत नाही त्या गौरीच्या दिवसांत हळदीकुंकवाला रिक्षा न करता चालत जातात, चार घरं, चार जिने. तेही चालतं.

घरच्यांशी बोलणं हा अवघड भाग होता. "सात वाजता कुकर कोण लावणार?" हा प्रश्न प्रत्येकीला आला. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय खेळायचं, लहान आहेस का?" तिने सासूबाईंनाच बरोबर आणलं. आता त्या तिच्या आधी चपला घालून तयार असतात. एकीच्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं केलं, दुसऱ्या आठवड्यात भात लावला. दोघीजणींच्या घरी अजून जमलेलं नाही. त्या येत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणी बोट ठेवायचं नाही हे आमचं ठरलं आहे.

आणि एक नियम सगळ्यांत वर लिहिला: फेर सुरू होण्याआधी आजूबाजूला बघायचं, कोण भिंतीपाशी उभी आहे, आणि तिचा हात धरायचा. नुसतं बोलवायचं नाही, हात धरायचा. त्या ताईंकडे मी स्वतः गेले. आधीच्या वर्षाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो मॅडम, मला सवय आहे." हे वाक्य ऐकून मला जास्त वाईट वाटलं. पहिले दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, कडेला उभ्या राहिल्या. आजींनीच हाक मारली, "ये गं माउली, माझा तोल जातोय, धर मला." आजींचा तोल जात नव्हता. पण ताई पुढे आल्या. दोघींनी अगदी सावकाश फुगडी घातली, चार-पाच गिरक्या. पर्सा त्या दिवशी जिन्यावर पडून होत्या, कोणाची काही हरवली नाही.

मैत्रिणींनो, पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या अंगणात पोरवयातल्या नवऱ्या होत्या, आणि त्या अंगणाबाहेर उभ्या केलेल्या विधवा होत्या. ते आपल्याला परत नको. पण त्या बायकांनी एक गोष्ट जपली होती. सण म्हणजे देवाचं काम, घरच्यांचं जेवण आणि त्याबरोबर आपल्या अंगाला मोकळं करण्याचा वेळ. हा तिसरा भाग आपण सोडला, आणि गुडघे दुखतात म्हणून मलम लावत बसलो.

या श्रावणात तुमच्या गटाच्या बैठकीत आमच्यासारखा एक प्रश्न विचारून बघा. सणात तुमचे पाय दुखतात ते कशाने? उत्तर "उभं राहून" असं आलं, तर एक पदार्थ कमी करा आणि एक खेळ वाढवा. झाड नसलं तरी चालेल. पार्किंग, शाळेचं पटांगण, समाजमंदिर, गच्ची, कुठेही दहाजणी गोल उभ्या राहिल्या की फेर होतो.

आमच्या आजी या पंचमीला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होतील. परवा विचारत होत्या, "यंदा कधीपासून?" मी म्हटलं, "दिव्यांची अवस होऊ द्या की." त्या म्हणाल्या, "अवस होईल गं. पाय आत्तापासून हलवायला हवेत."